ऑपरेशन पाऊण तासाचं, श्वास पाच तासांनी: स्यूडोकोलिनएस्टरेझ आणि नातेवाइकांना पटवण्याचा उद्योग

पागोळी:
बऱ्याच दिवसांनी धागा काढतेय. लांबण लागणार आहे, सांभाळून घ्या.

तीन महिन्यांपूर्वी धाकट्या भावाचं (वय ३१) अपेंडिक्सचं ऑपरेशन झालं. रात्री दोनला पोट धरून गेला, चारला ओटीत. सर्जन पाऊण तासात बाहेर आले, "छान झालं, अर्ध्या तासात आणतील बाहेर" म्हणाले. तो अर्धा तास सकाळी नऊला संपला. मधल्या वेळात आम्हाला एवढंच सांगितलं जात होतं की अजून स्वतः श्वास घेत नाहीये, मशीनवर आहे, काळजी करू नका. काळजी करू नका म्हटल्यावर जे होतं ते झालं. आईने सगळे देव पाण्यात घातले, बाबा कॉरिडॉरच्या फरश्या मोजत होते.

नऊला बोटं हलली, मग हात. दहाच्या सुमारास नळी काढली.

दुसऱ्या दिवशी भूलतज्ज्ञांनी आम्हाला बसवून नीट समजावलं. श्वासनळीत नळी घालण्याआधी स्नायू ढिले करायला सक्सामेथोनियम देतात. रक्तातलं स्यूडोकोलिनएस्टरेझ नावाचं एक एन्झाइम ते काही मिनिटांत मोडून टाकतं. भावाचं ते एन्झाइम जन्मापासूनच वेगळं आहे. नंतर तपासणी केली, डायब्युकेन नंबर २२ आला. हातात पत्र दिलं, त्यात लिहिलंय की सक्सामेथोनियम आणि मायव्हाक्युरियम ही दोन औषधं याला पुन्हा देऊ नयेत, आणि सख्ख्या नातेवाइकांनी तपासून घ्यावे.

घोडं अडलंय ते या शेवटच्या वाक्यावर. पत्राचा फोटो मी त्याच दिवशी घरच्या ग्रुपवर टाकला. चार अंगठे आले आणि विषय संपला. आईकडचे म्हणतात, आमच्या घराण्यात असलं काही नाही, हिची स्वतःची दोन ऑपरेशन्स झालीत, काही झालं नाही, तेव्हा हे तुमच्या बाबांकडून. बाबांकडचे म्हणतात, आमच्यात कुणाला भूलच दिलेली नाही, कळणार कसं. काका तर म्हणाले, भूल जास्त झाली असणार, आता एन्झाइमवर ढकलतायत.

तुमच्यापैकी कुणी यातून गेलंय का? नातेवाइकांच्या गळी हे कसं उतरवलंत?

अजून एक. भाऊ म्हणतो, मधे काही वेळ तो जागा होता. ऐकू येत होतं. हे घरी अजून कुणाला सांगितलेलं नाही.

टिंब:
बाप रे. वाचतोय.

खवचट_काका:
शीर्षकात 'स्यूडो' बघून वाटलं आमच्या काही सभासदांवर धागा आहे.
(हलकेच घ्या. भाऊ बरा आहे ना, मग झालं.)

आग्यावेताळ:
काकांचंच बरोबर वाटतं मला. ऑपरेशनआधी छप्पन्न तपासण्या करायला लावतात. त्यात ही एक का नाही? चूक झाली की लॅटिन नाव द्यायचं ही जुनी पद्धत आहे. त्यांनी आधी विचारलं होतं का, घरात कुणाला भुलेचा त्रास झालाय म्हणून?

पागोळी:
@आग्यावेताळ, विचारलं होतं. रात्री साडेतीनला, फॉर्म भरताना. मीच "नाही" म्हणाले. खरंच माहीत नव्हतं.

भूलथाप:
आयडी विनोदी असला तरी पोट याच व्यवसायावर आहे, त्यामुळे लिहिते.

पागोळी, आधी भावाच्या जागेपणाबद्दल, कारण बाकीच्याला घाई नाही. त्याला वेडंबिडं ठरवू नका आणि "स्वप्न पडलं असेल" असंही म्हणू नका. हे घडू शकतं. या औषधाचा परिणाम एरवी पाच-दहा मिनिटांत ओसरतो. ऑपरेशन संपलं की आम्ही झोपेचं औषध बंद करतो, कारण स्नायू केव्हाच मोकळे झाले असणार हे गृहीत असतं. मेंदू जागा होतो आणि शरीर मात्र अजून लाकडासारखं. पेशंट हलत नाही म्हणून तो झोपेतच आहे असं वाटायला नको, यासाठी मनगटाजवळच्या नसेला बारीक करंट देऊन अंगठा हलतो का ते बघतात. लागोपाठ चार झटके द्यायचे आणि किती वेळा अंगठा हलला ते मोजायचं. एकदाही नाही हलला, तर पहिलं काम म्हणजे त्याला परत झोपवायचं. मग वाट बघायची. त्याच्या बाबतीत बहुधा तसंच झालंय. मधली पंधरा-वीस मिनिटं त्याच्या वाट्याला आली असतील, आणि ती लहान नसतात. त्याला म्हणावं, त्याच भूलतज्ज्ञाकडे जाऊन हे सांग. रात्री दचकून उठत असेल, अंधाराची किंवा आडवं पडण्याची भीती बसली असेल, तर मानसोपचारतज्ज्ञाकडे जायला लाजू नये.

@आग्यावेताळ, 'भूल जास्त झाली' हे चूक आणि बरोबर दोन्ही आहे. आपण शिरेतून जेवढं सक्सामेथोनियम देतो त्यातलं बहुतेक रक्तातच मोडतं. स्नायूपर्यंत जेमतेम दहावा भाग पोहोचतो. डोस ठरलेला आहे तो ही गळती धरूनच. याच्या रक्तात गळतीच नाही, त्यामुळे नेहमीचाच डोस स्नायूपाशी कितीतरी पटींनी जास्त होऊन पोहोचला आणि तिथून हलेना. माप बरोबर होतं. ते दुसऱ्यांच्या रक्ताला धरून ठरवलेलं होतं, एवढंच.

सगळ्यांची चाचणी आधी का करत नाहीत? युरोपीय वंशाच्या लोकांत हा दोष पूर्ण स्वरूपात साधारण अडीच-तीन हजारांत एकाला असतो. आणि मशीन हाताशी असलं की यातून माणूस दगावत नाही, उशिरा जागा होतो. मध्यरात्री फुटायला आलेल्या अपेंडिक्ससाठी त्या रिपोर्टची वाट बघणं जास्त धोक्याचं.

निमूटराव:
भूलथापराव, सुंदर प्रतिसाद. यावर लेखमाला होऊन जाऊ द्या.

भूलथाप:
राव नाही, बाई. लेखमाला निवृत्तीनंतर.

अजाण:
एक शंका. भूल दिल्यावर माणूस मनातलं खरं बोलून टाकतो म्हणतात, ते खरं आहे का?

चिंचोका:
मला नेहमी प्रश्न पडतो, की पर्यायी औषधं असताना हे असलं उपद्व्यापी औषध ठेवलंच का आहे?

भूलथाप:
कारण ते पाऊण-एक मिनिटात काम करतं आणि पाच-दहा मिनिटांत निघून जातं. भावासारखा पेशंट घ्या. पोट रिकामं असल्याची खात्री नाही, पोटातलं वर येऊन फुप्फुसात जाण्याची भीती. तिथे झोप आणि नळी यांच्यामधला वेळ जितका कमी तितकं बरं. रोक्युरोनियम मोठ्या डोसमध्ये दिलं तर जवळपास तेवढंच चपळ असतं, पण ते लवकर जात नाही. त्यावर उतारा म्हणून सुगामाडेक्स आलं. युरोपात २००८ मध्ये, अमेरिकेत २०१५ च्या शेवटी. ते रोक्युरोनियमच्या रेणूला चक्क पोटात घेऊन बसतं. जिथे दोन्ही मिळतात तिथे सक्सामेथोनियमचा वापर कमी होत चाललाय. सगळीकडे मिळत नाहीत.

आणि हो, सुगामाडेक्स सक्सामेथोनियमवर चालत नाही. कुणी विचारण्याआधी सांगितलं.

खवचट_काका:
मी तेच विचारणार होतो. आता दुसरं विचारतो. एन्झाइम रक्तात असतं ना? मग चांगल्या माणसाचं रक्त चढवून द्या. मी देतो. माझं एन्झाइम उत्तम आहे, बायको म्हणते मला कशाचीच भूल पडत नाही.

भूलथाप:
काका, कल्पना नवी नाही. प्लाझ्मातून ते एन्झाइम देता येतं. पण दुसऱ्याचं प्लाझ्मा म्हणजे रिॲक्शन आली, संसर्गाची शक्यता आली. आणि नुसती वाट बघितली तरी पेशंट पूर्ण बरा होतो. म्हणून वाट बघतात. स्नायू परत जागे करायला एरवी निओस्टिग्मीन देतो, तेही इथे सरसकट देऊन चालत नाही. ते याच जातीच्या एन्झाइमना अडवतं, म्हणजे उरलंसुरलंही गेलं.

सरळमार्गी:
हे एन्झाइम यकृतात तयार होतं असं वाचलं. म्हणजे मूळ यकृतात आहे. महिनाभर सकाळी अनशापोटी काढे घेऊन यकृताची शुद्धी केली की एन्झाइम आपोआप सुधारतं. डॉक्टर हे सांगणार नाहीत.

रसायन_शाळा:
@सरळमार्गी, डॉक्टर सांगणार नाहीत कारण तसं होत नाही. आयुष्यभर प्रोटिनं हाताळण्यात गेलंय म्हणून थोडं लिहितो.

यकृत खराब झालं की हे एन्झाइम कमी बनतं, खरंय. गरोदरपणात, बाळंतपणानंतरच्या पहिल्या काही दिवसांत, मोठ्या भाजण्यात, कुपोषणातही कमी होतं. ते मिळवलेलं कमीपण. पागोळींच्या भावाचं यकृत ठणठणीत असणार. तिथे कारागीर चांगला आहे, त्याच्या हातातला नकाशाच चुकीचा आहे. नेहमीच्या 'अटिपिकल' प्रकारात ५७४ अमिनो आम्लांच्या साखळीत सत्तराव्या जागी एकच बदललेलं असतं. ॲस्पार्टिक आम्लाच्या जागी ग्लायसीन. ती जागा औषधाच्या रेणूला धरून ठेवण्याची. पकड सुटली की तोडणार काय? काढे पिऊन नकाशा बदलत नाही.

डायब्युकेन नंबरची गंमतही सांगतो, कारण पेशंटना रिपोर्ट मिळतो आणि आकडा कशाचा ते कुणी सांगत नाही. तो एन्झाइम किती आहे याचा आकडा नाही. डायब्युकेन हे बधिर करणारं जुनं औषध. ते साध्या एन्झाइमला सुमारे ८० टक्के अडवतं, पण बदललेल्या एन्झाइमला जेमतेम २०. दोन जनुकांपैकी एक साधं आणि एक बदललेलं असेल तर आकडा मधे, साठाच्या आसपास किंवा त्याखाली. म्हणजे दुसऱ्या औषधाने डिवचून हे एन्झाइम कोणत्या जातीचं ते ओळखायचं. ही युक्ती वेर्नर कालोव यांची, १९५७ ची, टोरांटोतली. औषधांचा परिणाम माणसागणिक वेगळा का, हे आनुवंशिकतेतून शोधणाऱ्या शास्त्राचा पाया ज्या दोन-चार उदाहरणांवर उभा राहिला, त्यातलं हे एक.

बाकी प्रकारही आहेत. 'के' नावाचा सौम्य प्रकार आहे, कालोव यांच्याच नावावरून. तो खूप लोकांत आढळतो आणि एकटा असला तर सहसा उपद्रव देत नाही. 'सायलेंट' म्हणजे मूक प्रकार, त्यात एन्झाइमचं काम जवळजवळ शून्य. भारतातल्या आर्य वैश्य समाजात हा मूक प्रकार जगाच्या मानाने बराच जास्त सापडतो, तिथे बदल ३०७ व्या जागी आहे. पिढ्यानपिढ्या आपसांत लग्नं झाली की असं होतं. कुणाच्या चांगले-वाईटपणाशी त्याचा संबंध नाही, हे आधीच लिहून ठेवतो, नाहीतर धागा भलतीकडे जाईल.

संपादक मंडळ:
शेवटच्या वाक्याबद्दल आभार. समाजवाचक प्रतिसाद उडवले जातील.

टिंब:
सायलेंट माणसं बोलतात का?

रसायन_शाळा:
@टिंब, बोलतात, धावतात, पोरंबाळं होतात, म्हातारी होतात. हे एन्झाइम नसून रोजच्या जगण्यात काही अडत नाही. निसर्गाने ते का ठेवलंय याचं पटेल असं एकच उत्तर नाही. सक्सामेथोनियम दिलं जात नाही तोवर हा दोष म्हणजे दोषच नाही.

त्यावरून आठवलं. या औषधाची कहाणीही मजेशीर आहे. १९०६ मध्ये हंट आणि टॅव्हो या दोघांनी ते प्राण्यांना देऊन रक्तदाबावरचा परिणाम तपासला होता. पण त्या प्राण्यांना आधीच क्युरारे दिलेलं. क्युरारे म्हणजे बाणाच्या टोकाला लावायचं विष, स्नायू लुळे पाडणारं. आधीच लुळ्या प्राण्याला नवं औषध लुळं पाडतंय, हे दिसणार कसं? चाळीसेक वर्षं ते तसंच पडून राहिलं. मग दानिएल बोव्हे आणि इतरांनी ते परत हेरलं, आणि १९५१ च्या सुमारास ते ऑपरेशन थिएटरात आलं. बोव्हेंना १९५७ चं नोबेल मिळालं, त्यात स्नायू शिथिल करणाऱ्या औषधांवरच्या कामाचाही वाटा होता. आणि त्याच वर्षी कालोव यांची चाचणी.

निमूटराव:
म्हणजे समोर होतं आणि दिसलं नाही. आमच्या ऑफिसात असे अहवाल रोज लिहिले जातात.

वाचनमात्र:
सहा वर्षांत पहिलाच प्रतिसाद. राहवलं नाही.

मी कीटकनाशकांच्या कारखान्यात आहे. रुजू होताना रक्तातलं कोलिनएस्टरेझ तपासतात, पुढे दर ठरावीक महिन्यांनी परत. ऑरगॅनोफॉस्फरस जातीची विषं हेच एन्झाइम अडवतात, त्यामुळे आकडा घसरला की अंगात विष गेल्याचं कळतं. माझा आकडा पहिल्याच दिवशी तळाला. कारखान्यात पाऊलही टाकलं नव्हतं. आधी मला विचारलं, घरी काही प्यायलात का. मग बायकोला बाजूला घेऊन विचारलं. तिला वाटलं मी जीव द्यायला गेलो होतो. दोन दिवस घरात चाकू-सुऱ्या दिसत नव्हत्या.

लाल पेशींमधलं कोलिनएस्टरेझ तपासलं तेव्हा ते अगदी नीट निघालं. ते वेगळ्या जनुकाचं असतं. तेव्हा उलगडा झाला. मला काम दिलं, पण फवारणी-मिश्रण विभागात नाही, गोदामात.

यात भुलेचा विषय कुणी काढला नाही. आज हा धागा वाचून कळलं की मलाही हे पत्र हवं होतं.

भूलथाप:
@वाचनमात्र, तुमचा प्रतिसाद मी माझ्या विद्यार्थ्यांना वाचून दाखवणार आहे. जुने सगळे रिपोर्ट घेऊन एखाद्या भूलतज्ज्ञाला भेटा आणि लेखी घ्या. ज्या डॉक्टरांनी तो आकडा पाहिला त्यांना विषाची शंका आली, ऑपरेशनची आली नाही. उलट आमच्यातल्या बऱ्याच जणांना विषाची आठवण होत नाही. आपापल्या खिडकीतून बघतो आम्ही.

कोजागिरी:
आमच्याकडे हे बहिणीच्या ईसीटीच्या वेळी कळलं. (शॉक ट्रीटमेंट म्हणतात ते. आता भूल देऊन करतात, सिनेमातल्यासारखं नसतं.) झटक्याने हाडं मोडू नयेत म्हणून तिथेही हेच औषध अगदी थोडं देतात. दहा मिनिटांत उठायची ती दोन तासांनी उठली. पुढच्या वेळी दुसरं औषध वापरलं, उपचार पूर्ण झाले. आज ती बरी आहे.

नातेवाइकांचं म्हणाल, तर आम्हाला उलटाच अनुभव. आजार सांगायचा नाही म्हणून एन्झाइमही सांगायचं नाही. भावजयीच्या सिझरच्या वेळी मी गुपचूप तिच्या डॉक्टरांना चिठ्ठी दिली.

चिंचोका:
@कोजागिरी, भावजय तर रक्ताची नाही. तिला कसला धोका?

कोजागिरी:
अगं हो! तेव्हा एवढं कळत नव्हतं. डॉक्टर पण हसले असतील मनात.

आग्यावेताळ:
मी माझा आधीचा प्रतिसाद मागे घेत नाही, पण सौम्य करतो. माझ्या मित्राच्या घरी पण असाच प्रकार, ताप १०७ पर्यंत चढला होता ऑपरेशन टेबलवर. तो याच एन्झाइमचा प्रकार का?

भूलथाप:
नाही. तो बहुधा मॅलिग्नंट हायपरथर्मिया. आनुवंशिक आहे, सक्सामेथोनियमने होऊ शकतो, म्हणून गल्लत होते. पण तिथे एन्झाइमचा संबंध नाही. स्नायूपेशीतलं कॅल्शियमचं दार उघडलं की बंदच होत नाही, स्नायू कडक होतात, ताप भडकतो. तो जीवघेणा आहे, वाट बघून चालत नाही, डँट्रोलीन द्यावं लागतं. हुंगून घ्यायची भुलेची बहुतेक औषधंही तिथे वर्ज्य, जी पागोळींच्या भावाला चालतील.

त्याची सुरुवात कशी कळली ते ऐका. १९६०, मेलबर्न. एकवीस वर्षांचा मुलगा, पाय मोडलेला. पण त्याला पायापेक्षा भुलेची धास्ती जास्त, कारण घरातले दहा जण ईथरच्या भुलेनंतर गेलेले. डॉक्टरांनी ते मनावर घेऊन दुसरं औषध वापरलं, तरी ताप चढलाच. बर्फ लावून वाचवला. मग डेनबरो आणि लव्हेल यांनी त्याच्या घराण्याची माहिती काढून प्रसिद्ध केली. दहा जण गेले तोवर ते फक्त घरातल्यांना माहीत होतं.

म्हणून मित्राला म्हणावं, नेमकं नाव लिहून घे. 'भुलेचा त्रास' एवढं पुरत नाही.

दंतकथा:
दातांची डॉक्टर. आमच्याकडे असं पत्र घेऊन आलेला पेशंट घाबरलेला असतो, की आता दातही काढता येणार नाही. येतो. लिग्नोकेन वेगळ्या मार्गाने मोडतं, यकृतात. जपायचं ते प्रोकेन, क्लोरोप्रोकेन असल्या एस्टर जातीच्या औषधांना.

आणि एक कळकळीची विनंती. फाइलवर 'भुलेची ॲलर्जी' असं लिहू नका. एकदा तो शिक्का बसला की कुणी सुई टोचायला धजत नाही. ही ॲलर्जी नाही. स्नायू शिथिल करणाऱ्या औषधांची खरी ॲलर्जीही असते, अंगावर गांधी, रक्तदाब कोसळणं वगैरे, तो सर्वस्वी वेगळा विषय.

खवचट_काका:
भूलथाप आणि दंतकथा दोघीही खऱ्याखुऱ्या डॉक्टर निघाल्या. या संस्थळावर कुणाच्या नावावर विश्वास ठेवायचा?

पागोळी:
सगळ्यांचे मनापासून आभार. भावाला धागा वाचायला दिला. भूलथापताईंचा पहिला परिच्छेद त्याने दोनदा वाचला आणि मग पहिल्यांदा नीट बोलला. कुणीतरी "डोळे उघडा, मोठा श्वास घ्या" म्हणत होतं आणि तो मनात ओरडत होता की घेतोय, घेतोय. मग कुणीतरी म्हणालं "थांबा, हा ऐकतोय बहुतेक", आणि पुढचं आठवत नाही. ते वाक्य म्हणणाऱ्या माणसाला त्याला भेटायचंय.

घरचं महाभारत चालू आहे. माझी चाचणी केली, ५८. म्हणजे मी वाहक, बरोबर ना? बाबांचा आकडा ६०. आईकडचे आता विजयी मुद्रेने फिरतायत.

रसायन_शाळा:
त्यांना जरा थांबवा. भावाचा आकडा २२ म्हणजे दोन्ही जनुकं बदललेली. एक बाबांकडून, दुसरं आईकडूनच येणार. इथे एकट्याची मालकी नसते, भागीदारी असते. आईंची चाचणी झाली का?

पागोळी:
आई तयार नाही. "दोन ऑपरेशन्स झाली माझी, काही झालं का?" यावर गाडी अडलीय.

भूलथाप:
कोणती ऑपरेशन्स आणि कधी, ते विचारा. जुने डिस्चार्ज कार्ड असेल तर उत्तम. भूल म्हणजे एकच औषध नव्हे. कमरेत सुई देऊन झालं असेल तर सक्सामेथोनियमचा प्रश्नच आला नाही. पूर्ण भूल असली तरी पोट रिकामं असताना, ठरवून केलेल्या ऑपरेशनला आम्ही बहुधा दुसरंच औषध घेतो. ॲट्राक्युरियम घ्या, ते शरीराच्या तापमानाला आपोआपच मोडतं, या एन्झाइमवर त्याचं काही अवलंबून नाही. तेव्हा 'काही झालं नाही' यावरून फक्त तेव्हा हे औषध दिलं नसावं असं म्हणता येतं.

निमूटराव:
पाऊस पडला नाही म्हणून छत्री चांगली, असं झालं हे.

सरळमार्गी:
मी तरीही काढ्यावर ठाम आहे.

टिंब:
यकृतच बदलून टाकलं तर?

भूलथाप:
@टिंब, तू थट्टेत विचारलंस, पण उत्तर होकारार्थी आहे. नवं यकृत ज्याचं, एन्झाइम त्याचं. पण सक्सामेथोनियम टाळण्यासाठी यकृत बदलणं म्हणजे ढेकणासाठी घर जाळणं.

पागोळी:
अपडेट. जरा लांबचा आहे.

आईची जुनी फाइल माळ्यावरून काढली. एक ऑपरेशन कमरेत सुई देऊन. दुसरं पित्ताशयाचं, पूर्ण भूल, आणि भुलेच्या कागदावर व्हेक्युरोनियम लिहिलंय. सक्सामेथोनियम कुठेच नाही. ते दाखवल्यावर आई गप्प बसली आणि दुसऱ्या दिवशी स्वतःच रक्त देऊन आली.

आकडा १९.

म्हणजे आई वाहक नाही, भावासारखीच आहे. इतकी वर्षं आणि दोन ऑपरेशन्स, तरी कुणाला पत्ता नाही. तिला आधी हसू आलं, मग रडू. म्हणाली, "माझ्याकडून त्याला आलं." मी रसायन_शाळांचं भागीदारीचं वाक्य ऐकवलं, बाबांनी लगेच आपला हिस्सा मान्य केला. लग्नाला पस्तीस वर्षं झाली, पहिल्यांदाच बघितलं हे.

आता खरी पंचाईत. आईला दोन भाऊ, एक बहीण. मोठ्या मामाचं हर्नियाचं ऑपरेशन पुढच्या महिन्यात ठरलंय. "आमच्या घराण्यात असलं काही नाही" म्हणणारा तोच. आता म्हणतो, मला कमरेतच सुई देणार आहेत, मग तुझं एन्झाइम घेऊन काय करू?

भूलथाप:
मामांच्या बाबतीत शक्यता किमान चारात एक. लहान नाही. कमरेतली सुई कधी कधी नीट लागत नाही, ऑपरेशन लांबतं, आयत्या वेळी पूर्ण भूल द्यावी लागते. त्या घाईत जे औषध हातात येतं ते बऱ्याचदा हेच असतं. चाचणी होवो न होवो, त्यांच्या भूलतज्ज्ञाला भाच्याचं आणि बहिणीचं सांगितलं तरी माझं समाधान. मी तिथे असते तर आकडा न बघताही ते औषध बाजूला ठेवलं असतं.

धाकटे मामा आणि मावशी यांनाही कळवा. मुलाबाळांना, भाचरांना नंतर, ज्याच्या त्याच्या आई-वडलांच्या आकड्यावरून ठरेल.

आग्यावेताळ:
मामाला फोन मी करू का? मला वाद घालायला आवडतो.

खवचट_काका:
नको. मामाचं ऑपरेशन हर्नियाचं आहे, जोर लावून चालणार नाही.

कोजागिरी:
पागोळी, माझा सल्ला. मोठ्यांना "तुम्हाला दोष आहे" असं ऐकवत नाही. "आईसाठी विचारतेय, तिला एकटं वाटतंय" असं म्हण. आमच्याकडे चाललं होतं.

पागोळी:
कोजागिरीताई, मी नाही, आईनेच फोन केला. आत जाऊन दार लावून, वीस मिनिटं. काय बोलली कळलं नाही. बाहेर येऊन फक्त म्हणाली, "तो बघतो म्हणालाय."

आज सकाळी मामाचा मेसेज आला. "पत्राचा फोटो पुन्हा पाठव. ग्रुपवर टाकलास त्यात शेवटची ओळ कापली गेलीय."

जाऊन बघितलं. खरंच कापली गेलीय. तीन महिने मी सगळ्यांशी त्या एका ओळीवरून भांडत होते आणि ती मी कुणाला दाखवलीच नव्हती.

निमूटराव:
😂 अहवाल!

वाचनमात्र:
मला पत्र मिळालं. चार कोपरे दिसतील असा फोटो काढून बायकोला, भावाला आणि कारखान्याच्या डॉक्टरांना पाठवला. धन्यवाद, पागोळी.

टिंब:
वाचनखूण साठवली.

अजाण:
माझ्या शंकेचं उत्तर राहिलं. भूल दिल्यावर माणूस खरं बोलतो का?

भूलथाप:
बडबडतात काही जण. खरं-खोटं ठाऊक नाही, मी तेव्हा श्वास बघत असते.